लाल दाण्यांचा बंगला

बनुबाईच्या रुखवताला कीड लागत नाही, हे तिसगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सगळ्यांना ठाऊक होतं. का लागत नाही, हे मात्र दोघींनाच ठाऊक होतं: बनुबाईला आणि तिच्या लेकीला, गोजराला.

लग्नाच्या मांडवात नवरीकडचं रुखवत मांडलं की बाया जेवणं सोडून ते बघायला येतात. कुणी साबुदाण्याचा मोर केलेला असतो, कुणी तांदळाचं तुळशीवृंदावन. वर्ष गेलं की मोराला सोंडे लागतात आणि वृंदावन उंदीर खातात. बनुबाईचं तसं होत नसे. बाया म्हणायच्या, "बने, तुज्या हाताला गुन हाय बाई." बनुबाई मान खाली घालून खोटं खोटं लाजायची. गुण हाताला नव्हता, खळीला होता. चिंचोक्याची खळ शिजत आली की ती त्यात मोरचूद कुटून टाकायची. मोरचूद म्हणजे निळं जहर, उंदीरही त्याला तोंड लावत नाही. निळी झाक दिसू नये म्हणून वरून गेरू. हे उघड सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? काहीच नाही. पण नवऱ्यामागं एकटी राहिलेल्या बाईला गावात तेवढा एकच मान होता, आणि तो ती सोडायला तयार नव्हती.

बाकी तिचं डोकं मात्र खरोखर चालायचं. इतर बाया मोर आणि हत्ती यांच्या बाहेर पडत नव्हत्या, तेव्हा बनुबाईच्या रुखवतातला नवरदेव बेलबॉटम घालून उभा असायचा. सहादेव शिंप्याच्या मशीनखालचे टेरिलीनचे तुकडे, फोटोवाल्याने टाकलेल्या फिल्मचा काळा गॉगल, तुपाच्या डब्याच्या पत्र्याची स्कूटर आणि स्कूटरला कोटाच्या बटणांची चाकं. नवरीला नायलॉनची साडी आणि डोक्यावर हा एवढा उंच अंबाडा. किराणा बांधून येणाऱ्या मासिकांच्या पानांवरून ती फॅशन उचलायची. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण ब्लाउजची बाही यंदा कुठवर आली हे तिला बरोबर ठाऊक असायचं.

गोजराचं लग्न ठरलं ते बहात्तरच्या दुष्काळात. मुलाकडचे लोक चार कोसांवरच्या, डोंगराकडेच्या वाडीतले. द्यायला भांडंकुंडं काही नव्हतं. बनुबाई म्हणाली, रुखवत असं करीन की विहीणबाईंनी जन्मभर दाखवत बसावं. नवरा नगरच्या दवाखान्यात शेवटचं पडून होता, तेव्हा ती सावेडीला एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तो बंगला तिच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता. सपाट गच्ची, गोल कठड्याची गॅलरी, फाटकाशी स्कूटर. तोच करायचा ठरवला. रेशनवर तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची. लोक नाकं मुरडून तिच्या भाकरी थापत होते. बनुबाईला त्या दाण्यात वीट दिसली.

आता हिला काय म्हणावं! तीन महिने ती एक वेळ जेवली आणि दुसऱ्या वेळचा दाणा भिंतीला लावला. गोजरा मोरचूद कुटायची, आई दाण्यावर दाणा बसवायची. भिंती आतून भरीव, जोतंही भरीव. पायलीभर ज्वारी त्या बंगल्यानं गिळली.

मांडवात लोक बघत राहिले. गोजराची सासू आक्काबाई खमकी बाई, तिनं आधी बंगल्याचा वास घेतला. "इख-बिख न्हाई ना घातलं, विहीणबाई? घरात ल्हानी पोरं हायती."

"चिंचोक्याच्या खळीबिगर कायबी न्हाई," बनुबाई चटकन बोलून गेली. "लेकीची आन."

मुंडावळ्यांआडून गोजरानं आईकडे एकदा पाहिलं, आणि नजर खाली वळवली. ही आन जिभेवर आली तरी कशी, ते बनुबाईला पुढे कधीच उमगलं नाही.

वैशाखात विहिरी तळाला गेल्या. बनुबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सकाळी पाण्याचा टँकर आला, त्याचा ड्रायव्हर गोरक्ष गावातलाच. त्यानं हसत हसत सांगितलं, "मावशे, तुजा बंगला गेला की! वाडीला आठ दिस झालं रेशन न्हाई. मी पहाटं टँकर लावला तवा आक्काबाईनं त्यो फोडून भिजत घातला हुता. दुपारी घुगऱ्या करनार म्हनली."

बनुबाईच्या हातातला हातोडा पडला.

"गोरक्षा, मला तिकडं सोड."

"आता उलट्या अंगाला जायचंय मावशे. पान्यावाचून मानसं मरत्यात तिकडं."

माणसं मरतात. ती पुढचं ऐकायला थांबली नाही. डोक्यावर पदर ओढला आणि वाट धरली. पायात वहाण नव्हती, ती कामावरच्या दगडांशी राहिली होती. चार कोसांत एक झाड सावलीचं नाही. ती कधी चालत होती, कधी पळत होती, आणि तोंडानं एकच चाललं होतं, "माजी आन माज्यावर येऊ दे. माज्यावर येऊ दे." आक्काबाईची दोन नातवंडं, सासू, सासरा, जावई, आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी गोजरा. एकेकाचं तोंड तिला दिसत होतं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा अजून कोसभर वाट उरली होती, आणि ती बाई भर उन्हात मोठ्यानं रडायला लागली. रडत रडत पळत राहिली.

वाडीत शिरली तेव्हा आक्काबाईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आवाज येतोय म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढंच तिला कळलं.

अंगणात भगुनं पालथं पडलं होतं आणि घुगऱ्या मातीत पसरल्या होत्या. गोजरा उंबऱ्याशी बसली होती. उजवा पाय घोट्यापर्यंत भाजून सोलवटला होता.

"या, बघा लेकीचे परताप!" आक्काबाई कडाडली. "कामावरनं आली, आन उकळतं भगुनं लाथंनं उडवलं! पोरं ताटल्या घिऊन बसल्याली. का म्हून इचारलं तर दातखीळ बसली हिची. आयेचा बंगला फोडला म्हून राग आला रानीसायबाला!"

"खाल्लं का कुनी?" बनुबाईला धाप लागली होती.

"कुठलं खात्यात! समदं मातीत."

बनुबाईनं लेकीकडे पाहिलं. गोजरानं हळूच मान हलवली: बोलू नको. सगळं घर तिला कैदाशीण म्हणत होतं, पाय जळत होता, आणि ही पोर आईची आन सांभाळत बसली होती.

तेवढ्यात आक्काबाईच्या धाकट्या नातवानं मातीतली मूठभर ज्वारी उचलली. बनुबाईनं झडप घालून त्याची मूठ सोडवली आणि तिथंच खाली बसली.

"विहीणबाई, मी खोटी आन घेतली. खळीत मोरचूद हाय. माज्या हाताला कसलाबी गुन न्हाई. समदं इखाचं काम हाय. तुमची सून बोलली न्हाई ती माजं नाव जाईल म्हून. हिनं भगुनं उडवलं न्हाई, तुमचं घर वाचवलं."

आक्काबाईनं दोन्ही पोरांना जवळ ओढलं, त्यांची तोंडं उघडून बघितली, बोटं पदरानं पुसली. मग ती घरात गेली. माठ खरवडल्याचा आवाज आला. तांब्याभर पाणी घेऊन ती बाहेर आली, गोजरापुढे बसली आणि ते तिच्या पायावर हळूहळू ओतलं. सगळं. मान वर न करता म्हणाली, "तुमी ह्या उंबऱ्याला पुन्यांदा येऊ नगा."

"न्हाई येनार," बनुबाई म्हणाली.

तिनं मातीतला दाणा न् दाणा वेचून पदरात घेतला. तीन महिने उपाशी राहून लावलेला दाणा वेचायला दुपार गेली. भुकेली पोरं भिंतीला टेकून बघत होती. वाडीबाहेर हातांनी खड्डा करून तिनं तो पुरला आणि वर दगड ठेवला. ही गोष्ट आठवड्यात चहूकडे झाली. पुढे बनुबाईला कुणी रुखवत सांगितलं नाही, ती मरेपर्यंत.

निघताना मागून गोजरा म्हणाली होती, "आये, घोटभर पानी तरी पिऊन जा." पण घरात पाणी उरलंच नव्हतं. बनुबाईच्या घशाला कोरड पडली होती, परतीचे चार कोस पुढे होते, आणि शेवटचा तांब्या लेकीच्या पायावर गेला एवढ्याच आधारावर ती चालत राहिली.