रुपयाच्या खुणेतलं गणित

खालापुरात शिकवणी घेणाऱ्या वनिताताईंचा इंटरनेटवरच्या एका गणित-कट्ट्यावर मोठा दरारा होता. तिथे सूत्राच्या मागेपुढे डॉलरची खूण टाकली, की आडवंतिडवं लिहिलेलं गणित छापील पुस्तकासारखं दिसे. अपूर्णांकाची रेघ, डोक्यावर घातांक, वर्गमूळाचं छप्पर, सगळं जागच्या जागी. पन्नाशीला टेकल्यावर हे शिकताना ताईंना घाम फुटला होता. म्हणूनच गबाळं लिहिणाऱ्यांची त्यांना चीड. ओट्यावर खरकटं दिसताच फडका मारावा, तसा त्या असला प्रश्न बंद करून टाकत; तो अधिकार कट्ट्यानं त्यांना दिला होता, आणि बंद प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नसे.

पळसदरीच्या हर्षलाने ऑगस्टात टाकलेला प्रश्न असाच होता. अकरावीची त्रिकोणमिती, आणि दर ओळीला डॉलरऐवजी रुपयाची खूण. अर्थातच काही धड उमटलं नव्हतं.

"नियम वाचून ये. इथे चेष्टा चालत नाही," असं लिहून ताईंनी प्रश्न बंद केला. पोरीनं तो पुन्हा टाकला, या वेळी दोन्ही बाजूंना दोन-दोन रुपये. ताईंनी तोही बंद केला.

दिवाळीनंतर शिकवणीतल्या सिद्राला त्या हेच लिहिणं शिकवत होत्या.

"आता डॉलर दाब गं."

"कुठं हाय, ताई? माझ्या मोबाईलवर रुपयाच हाय."

"असं कसं? नीट बघ."

"तुमीच बघा! आता डॉलर काय अमेरिकेतून आणू?"

ताईंनी मोबाईल हातात घेतला. आकड्यांच्या पानावर खरंच रुपयाच होता. त्यावर बोट दाबून धरलं, तेव्हा कुठे डॉलर वर आला. त्या स्वतः कायम कॉम्प्युटरवर लिहीत आल्या होत्या.

सिद्रा गेल्यावर त्यांनी हर्षलाचा प्रश्न उघडला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. खाली लिहिलं होतं, 'घरी विचारायला कोणी नाय. हे जमलं तर सायन्स ठेवीन, नायतर आर्ट्सला बदलून घेणार.'

ताईंनी प्रश्न पुन्हा खुला केला, सुटलेलं वजाचं चिन्ह दाखवलं आणि ओळीखाली ओळ मांडून उत्तर लिहिलं. माफीही मागितली.

दोन दिवसांनी हर्षलाचा निरोप आला. 'किती छान दिसतंय, ताई! मी आर्ट्सला गेले. पुस्तकं पण देऊन टाकली. एवढंच चुकलं होतं का?'

'पुन्हा बदलता येईल,' ताई लिहू लागल्या. पण शाखा बदलायची मुदत कधीच उलटली होती, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी ते पुसलं.

'हो गं,' त्यांनी लिहिलं, 'एवढंच.'