रचना: शर्मिला परब

शर्मिला परब हिच्यावर अन्याय झाला तो एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. पवईतल्या एका कंपनीतून फोन आला होता. बोलणं मिनिटभरही चाललं नाही. आणि अन्याय कंपनीने नाही, मी केला. मी पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहीत आलेय, दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायची सवय आहे, म्हणून आधी हे. शर्मिलाताई सहा आठवड्यांपूर्वी डेंग्यूने गेली. तिच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर घोषणा देत होते. "चार दिवस ॲडमिट होती, तुला कोणी सांगितलं नाही?" कोण सांगणार... ज्यांना सांगावं अशी तिची माणसं तीन-चारच, आणि त्यातलीच एक असून मी महिनाभर तिला फोन केला नव्हता.

आमची ओळख बोरिवलीतल्या डीटीपीच्या दुकानातली. लग्नपत्रिका, बाराव्या-तेराव्याची कार्डं आणि आमची पत्रकं, सगळं तिच्याच हातून जुळायचं. माझा पहिला मजकूर वाचून मान वर न करता आपल्या मालवणीत म्हणाली, "ही उद्गारचिन्हां खंय किलोवर गावतत गो?" पुढे काम आटलं, मालकाने दुकान बंद केलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ही बाई चारकोपच्या आपल्या खोलीत जुन्या लॅपटॉपसमोर बसून मोबाइल ॲपचं डिझाइन शिकायला लागली. घरात दुसरं कोणी नाही. ऑनलाइन क्लासमधली पोरं तिच्या निम्म्या वयाची. तिने शंका विचारली की कुणीतरी विषय बदलायचं. अशा वेळी ती मला फोन करायची, "दोन मिनटां बघ ना गो, बटण दिसता काय?" मी म्हणायचे, मीटिंगमध्ये आहे ताई.

सरावासाठी तिने आमचंच काम घेतलं. पाणी आलं नाही की तक्रार नोंदवायचं ॲप. पहिला स्क्रीन तिने अगदी पत्रकासारखा जुळवला: वर मथळा, मध्ये चौकट, खाली मागण्या, सगळं एका पानात. आम्ही कार्यकर्त्यांनी काय करावं? त्याची प्रिंट काढली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि 'झकास' म्हणून पास केला! ताईने तो खालच्या मजल्यावरच्या पाटकरकाकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "छान लिहिलंय गं. पण तक्रार कुठे करायची?" मी हसले. ताई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ती पेन्सिलीने एकेक स्क्रीन काढायची, इमारतीतल्या बायकांपुढे ठेवायची, "समज, हो कागद म्हणजे मोबाइल. दाब," म्हणायची आणि गप्प बसायची. "माका बोलूचा लागला म्हणजे स्क्रीन नापास," हा तिचा नियम. बोट अडखळेल तिथे फुली. पहिलं वर्ष फुल्यांतच गेलं. दुसऱ्या वर्षी ती पुसायला शिकली. चौकट गेली, मथळा गेला, माझी लाडकी वाक्यं गेली. तिसऱ्या वर्षी तीनच प्रश्न उरले: कुठे, केव्हापासून, फोटो आहे का. पाटकरकाकूंनी चष्मा न लावता तक्रार नोंदवली.

त्या ॲपच्या शेवटच्या पानाच्या तळाशी तिने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली होती, 'रचना: शर्मिला परब'. मी म्हटलं, "ताई, हे काढ. आपल्याकडे नावं नसतात. पत्रकावर माझं नाव होतं का कधी?"

"पत्रक तू लिवायचंस गो. नाव नाय घातला तरी सगळ्यांक म्हायत होता कोणी लिवला ता."

मी पुढच्या मोर्चाचं बोलायला लागले. ओळ तिने स्वतःच पुसली.

तेच ॲप घेऊन ती पवईला मुलाखतीला गेली. काम त्यांना आवडलं. पण हे हिनेच केलं कशावरून? नाव तर कुठेच नाही. तिने माझा नंबर दिला. "डिझाइन शर्मिला परब यांनी केलंय का?" फोनवरच्या मुलीने सरळ विचारलं. आम्हाला शिकवलेलं असतं, पोलीस विचारो की पत्रकार, कुणा एकाचं नाव द्यायचं नाही, एकालाच उचलतात. तोंडातून तेच निघालं. "हे सामूहिक काम आहे. कुणा एकाचं नाही." फोन ठेवून मी वर खूशही होते, काय बाणेदार उत्तर दिलं! संध्याकाळी ताईचा फोन आला. "नाय झाला ता. कामाची खात्री पटली नाय म्हणतत. तुका फोन इल्लो काय?"

मला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो ते. मी म्हटलं, "नाही आला."

"बरां," म्हणाली... आणि ठेवला.

गेल्या रविवारी बहिणीने खोली आवरायला बोलावलं. कपाटात त्या कागदांचा गठ्ठा निघाला. "रद्दीत देऊ?" तिने विचारलं. मी एकेक कागद बघत बसले. प्रत्येक फुलीशेजारी एक नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. 'शालिनी पाटकर यांच्यामुळे बटण मोठे केले.' 'रुक्साना शेख यांना फोटो कुठे टाकायचा कळले नाही. त्यांचे बरोबर.' जिच्याकडून ती काही शिकली अशा एकीचंही नाव तिने गाळलं नव्हतं. ॲप चालवणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला मी तिथूनच फोन करून ती ओळ परत घालून घेतली. दोन मिनिटं लागली. मग सोमवारी पवईच्या त्या मुलीला फोन लावला आणि खरं सांगितलं. ताई गेली, हे मात्र सांगायच्या आधीच ती म्हणाली, "अरे! मग त्यांना परत अर्ज करायला सांगा ना."

तुमच्या ऑफिसात, मंडळात, सोसायटीत कुणीतरी एकटीने, चुकत-शिकत केलेलं काम आज 'आम्ही केलं' म्हणून मिरवतंय. ती कोण ते तुम्हाला माहीत आहे. आज त्या कामावर तिचं नाव लिहा. आणि उद्या कुणी फोन करून विचारलं, हे कोणी केलं, तर 'आम्ही' म्हणू नका. तिचं नाव सांगा, ती आहे तोवर.