मागून आलेली हाक

माझी नात बारा वर्षांची. अमेरिकेत, पिस्कॅटवेला तिच्या शाळेमागच्या मैदानावर सॉकर खेळते, म्हणजे आपला फुटबॉल. लेकीला आणि जावयाला वेळ नसतो, म्हणून घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन कडेला मी बसते.

तिचे कोच चिलीचे. साठीच्या पुढचे, गुडघ्यात वाकलेले. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझंही मोडकं, म्हणून आमचं जमलं. चांगलं बोलणाऱ्यांपुढे मी गप्पच बसते. ते मला सेन्योरा, म्हणजे बाई, म्हणायचे आणि चहात तीन चमचे साखर मागायचे.

नातीला त्यांनी डिफेंडर केलं होतं. गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि आलेला बॉल अडवायचा. पोरगी धीट, अडवायची छान. पण गोलकीपरने मागून "कीपर" असा आवाज दिला की बॉल सोडून थांबायचं असतं, तेवढं तिला जमेना. दोनदा धडकली. दुसऱ्या वेळी गोलकीपर मुलीचा ओठ फुटला. कोच रागावले नाहीत, नुसते पांढरे पडले. म्हणाले, "शनिवारच्या मॅचला थांबली नाहीस तर डिफेन्समधून काढीन. परत घेणार नाही."

गाडीत पोरगी रडली. मी विचारलं, "अगं, ऐकू येत नाही का तुला?"

"येतं, आजी. पण तूच सांगितलंस ना, मागून हाक आली तर फर्स्ट टाइम ओ द्यायची नाही. थर्ड टाइमला द्यायची."

आमच्या गावाकडे तसंच म्हणतात. पहिल्या दोन हाका कुणाच्या असतील सांगता येत नाही, माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेलच. मी गोष्ट म्हणून सांगितलं होतं, पोरीने मैदानावर नेलं.

दुसऱ्या दिवशी मी कोचना सगळं कबूल केलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. चहाचा कप हातात धरून स्वतःचंच सांगत बसले.

ते चिलीच्या उत्तरेकडचे. तिकडे पाऊसच नाही, मैदानं खारट मातीची, पडलं की कातडी सोलून निघायची. बारा वर्षं डिफेंडर म्हणून खेळले. एकदा देशाच्या संघाच्या शिबिरातही बोलावलं होतं, पण तिथे बाकावरच बसून परत आले. त्यांच्या मागे सगळी वर्षं एकच गोलकीपर, बालपणापासूनचा मित्र. तो पुढे यायला निघाला की ओरडायचा, "वोय." म्हणजे मी येतोय, तू सोड. एका मॅचला त्यांनी ते ऐकलं. "ऐकलं, सेन्योरा," असं दोनदा म्हणाले. पण बॉल आपलाच वाटला, म्हणून उडी मारली. डोक्यावर डोकं आपटलं. मित्र तिसऱ्या दिवशी गेला. कोच परत कधी खेळले नाहीत. इकडे नात्यातल्या कुणाकडे आले, घरं रंगवली, आणि संध्याकाळी मुलांना शिकवायला लागले. पहिला धडा तोच, मागून हाक आली की सोडून दे.

मी म्हटलं, "आमच्यात व्हय म्हणजे यस. आमचे हे सारखं व्हय म्हणायचे. तुमच्या वोयसारखंच लागतं कानाला."

"तुमचे मिस्टर कुठे असतात?"

मी वर बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली.

शनिवारी सकाळी धुकं इतकं होतं की गोलमागची तारेची जाळी दिसेना. मॅच रद्द होईल म्हणून पोरी थांबल्या होत्या, पण सुरू झाली. मी आमच्या गोलच्या बाजूलाच खुर्ची टाकली, कोच माझ्या शेजारी उभे.

बॉल उंच आला. नात त्याच्याकडे धावली. मागून गोलकीपर धावत आली, तोंड मिटलेलं. मी उठलेच. आणि गोलच्या मागून, धुक्यातून, पुरुषी आवाज आला. "व्हय."

मोठा नव्हता. घरात शेजारच्या खोलीतून यावा तसा.

नात जागीच थांबली. गोलकीपरने तिच्या डोक्यावरून बॉल धरला. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर राहिलं असेल.

मॅच संपल्यावर कोचनी गोलकीपरला विचारलं, "तू हाक दिलीस?" तिने गळ्यावर हात ठेवून नाही म्हणून मान हलवली. सर्दीने तिचा आवाज सकाळपासून बसला होता.

"मग तू का थांबलीस?" त्यांनी नातीला विचारलं.

"समबडी सेड इट. मागून हाक आली, आजी सांगते ना, तशी."

"एकदाच ऐकलंस?"

"हो. पण थांबावंसं वाटलं."

कोच गोलच्या मागे गेले. तिथे जाळी, तिच्यापलीकडे ओली झाडं, खाली पडलेल्या पानांवर पावलाचा एक ठसा नाही. परत येताना वळून त्यांनी रिकाम्या गोलकडे अंगठा वर केला. चांगली हाक दिली की डिफेंडर गोलकीपरला करतात तसा.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सेन्योरा, तो आवाज आला तेव्हा तुम्ही काहीतरी बोललात."

मी बोलले होते. मला तेव्हाच आठवलं. नातीला इतकं शिकवून मी स्वतः पहिल्याच हाकेला "ओ" दिली होती, घरी ह्यांना द्यायची तशी.

नात अजून डिफेन्सलाच आहे. मी खुर्ची आता पलीकडच्या गोलशी टाकते, हाक आली तिथून लांब. कोच चहाला तिकडेच येतात, आणि आम्ही दोघं बोलता बोलता मध्येच थांबून मागे कान देतो.