बाईंनी खोडलेला शब्द

नवा इंग्रजी शब्द सापडला की डिक्शनरीबाईंना घरात बसवत नसे. पायात चपला अडकवून त्या तरातरा बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी यायच्या. बेल वाजवण्याचंही भान नसे. फाटकातूनच हाका सुरू. नारायणगुड्याच्या मराठी शाळेत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं होतं. शाळा सुटून वीस वर्षं झाली, मी नोकरीत रुळले, पण त्यांची शिकवणी काही सुटली नाही.

अर्थ त्या लगेच सांगत नसत. आधी मी तो शब्द वापरून दाखवायचा. माझी फजिती झाली की स्वारी खूश! एकदा त्यांनी ऑटोवाल्यालाच विचारलं, "भय्या, ये लफ्ज सुने क्या कभी?" तो म्हणाला, "अम्मा, पहले बैठो तो सही." घरी पोचेपर्यंत बाई हसत होत्या.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता अ‍ॅप्रिसिटी. थंडीच्या दिवसांत अंगावर येणाऱ्या उन्हाची ऊब, हा त्याचा अर्थ. फार जुन्या एका इंग्रजी कोशात तो नोंदलेला, पण कथा-कवितेत कुणी मनापासून वापरलेला बाईंना कधी भेटला नव्हता. "पंगतीला बोलावून पान वाढलं नाही गं त्याला," असं त्या कळवळून म्हणायच्या. एका तरी खऱ्या गोष्टीत तो डोळ्यांनी बघायचा, हा त्यांचा ध्यास होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, मी गुपचूप इंग्रजीत एक कथा लिहिली. बाजारात सकाळी भाजी मांडून झाल्यावर एक म्हातारी पायरीवर उन्हाला बसते. नेमका तिथे तो शब्द घातला. आणि एका मासिकाने कथा चक्क स्वीकारली! कागद घेऊन मी धावतच बाईंकडे गेले. त्या आठवड्याभरात कायमच्या मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. घरभर खोकी पसरली होती.

शब्द दिसताच त्यांनी टाळी वाजवली. "आला गं, आला!" मग कथा पहिल्यापासून वाचली. पुन्हा एकदा वाचली. चेहरा उतरला.

"ही म्हातारी काय म्हणेल? धूप अच्छी लगरी. बस्स. हा शब्द तिचा नाही, माझा आहे. माझ्यासाठी घातलास ना?"

"हौ," मी पुटपुटले.

त्यांनी पेन घेतलं आणि जन्मभर वाट पाहिलेल्या शब्दावर स्वतःच्या हाताने काट मारली. "आता नुसतं ऊन लिही. नाव सांगू नको त्याचं."

मला रडू कोसळलं. रागही आला, खोटं कशाला सांगू? पण चार दिवस खपून तेवढा भाग पुन्हा लिहिला. म्हातारीची गारठलेली बोटं, हळूहळू तापणारी दगडी पायरी, आपोआप मिटलेले डोळे. लिहिताना माझ्याच अंगावर शहारे आले! बाई पुण्याला गेल्या त्याच दिवशी नवा मजकूर मासिकाकडे धाडला.

जानेवारीत अंक निघाला. एक प्रत पुण्याला पाठवली. तिकडे तेव्हा थंडीने लोक कुडकुडत होते. तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई अक्षरशः ओरडत होत्या, "अगं, वाचता वाचता मी शाल काढून ठेवली!"