दोन बोटं बाहेर

दिवाळीच्या सुमारास बायकोचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. ती इथे सिल्वासात शाळेत शिकवते, मी सरकारी कार्यालयात हिशेब बघतो. कर्मचाऱ्यांच्या टेनिस स्पर्धेत महिलांची अंतिम फेरी जिंकेल ती बाहेरगावी जाणाऱ्या संघात, असं ठरलं होतं. बायको सेहेचाळीस वर्षांची. पुढच्या वर्षी खांदा कसा असेल याचा भरवसा नव्हता. तिला याच वर्षी जायचं होतं.

मग तिने खालून सर्व्हिस करायला घेतली. हे तिने उचललं गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या एका विलायती विजेतीकडून. त्या बाईविषयी ती जेवताना इतकं सांगे, की मलाही पाठ झालं. पायघोळ झगा घालून खेळायची, सर्व्हिस खालूनच. हौशी खेळाडू, त्यामुळे खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. लग्न झालं, मुलं झाली, खेळ सुटला, लोक विसरले. आणि ती परत येऊन पुन्हा विजेती झाली. पंचाने चुकून आपल्या बाजूने निकाल दिला असं वाटलं, तर पुढचा चेंडू मुद्दाम जाळीत मारायची.

अंतिम सामन्याला चेंडू आत की बाहेर ते सांगायला लाइनवर बसणारा माणूस सायली गावाहून पोचलाच नाही. समोरची खेळाडू दुसऱ्या कार्यालयातली, वयाने बरीच लहान. तीच म्हणाली, "साहेबांना बसवा ना! पैशापैशाचा हिशेब यांचा, बायकोलाही सोडणार नाहीत."

सगळे हसले. मी खुर्ची ओढून बसलो.

पुरुषांच्या सामन्यासाठी थांबलेली मंडळी कडेला उभी होती. बायकोने पहिली सर्व्हिस खालून टाकली तशी ओरड झाली. "काकी, वाटीत डाळ वाढताय का?" "अरे, आ शुं छे? लगोरी?" तिने वळूनही पाहिलं नाही. तो चेंडू जेमतेम उसळायचा, आणि समोरची पुढे धावत येऊन तो जाळीत घालायची. मग हळूहळू तीही सावरली. शेवटच्या गेममध्ये दोघी बरोबरीत आल्या, आणि बायको एका पॉइंटने पुढे गेली; आणखी एक मिळाला की सामना तिचा. आता कोणी ओरडत नव्हतं.

लांबलचक खेळी झाली. समोरचीने जोरात मारलेला चेंडू माझ्या लाइनपाशी पडला. दोन बोटं बाहेर. मला स्वच्छ दिसलं.

कोर्ट सिमेंटचं, खूण उमटत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. 'आत' म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. साहेब म्हणजे साहेब, घरच्यांनाही सोडलं नाही, असं वर्षभर ऐकायला मिळालं असतं. तो शब्द जिभेवर आला होता.

"आउट," मी म्हणालो.

"इतक्या वेळाने?" समोरची रॅकेट आपटत म्हणाली. "साहेब, रात्री जेवण मिळणार आज!" मग बायकोकडे वळली. "मॅडम, त्या जुन्या बाईंच्या गोष्टी सांगता ना? त्यांनी पॉइंट परत खेळला असता."

"निर्णय चुकला असता तर," बायको म्हणाली. मग माझ्याकडे आली. "बाहेर होता?"

"होता. दोन बोटं."

"मग परत नाही खेळणार."

पंचांनी तिला विजयी जाहीर केलं. टाळ्या विरळ पडल्या. समोरचीने हात मिळवला, पण तिच्याकडे न बघता.

घरी जाताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. टोकरखाड्याच्या वळणावर म्हणाली, "एवढा वेळ का लावलात?"

"खात्री करत होतो."

"खोटं. पडल्यापडल्या कळलं होतं तुम्हाला. मलाही कळलं होतं." मग म्हणाली, "मला वाटलं, आत देताय आता. तुमच्या नावासाठी."

मी गाडी हळू केली.

"बाहेरगावच्या सामन्यांना या," ती म्हणाली. "पण लांब, प्रेक्षकांत बसा."