कुठंही चालेल

सहलीला राहायची जागा निवडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा काही वर्षांपूर्वीपर्यंत माझा समज होता. मग काशीद झालं. म्हणजे काशीदचा किनारा बिचारा जागच्या जागी होता, मी निवडलेली खोलीच भलतीकडे होती. जाहिरातीत 'सी व्ह्यू' लिहिलेलं, आणि तो खरोखरच होता. गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीला धरून, उजवीकडे वाकलं की दोन माडांच्या मधून बोटभर निळं दिसायचं. त्या अवस्थेतला माझा फोटो मुलीने जपून ठेवलाय. घरात कसलाही निर्णय घ्यायचा असला की तो बाहेर येतो.

त्यामुळे यंदा थंडीत समुद्रावर जायचं निघालं तेव्हा बायकोने आधीच सांगून टाकलं, "शोधायचं तू. ठरवायचं सगळ्यांनी."

सगळे म्हणजे मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. कुणी बोलून दाखवत नसलं तरी सहल आईसाठी होती. पावसाळ्याआधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघा छान बसलाय, आता चाला. गुडघा तयार होता, आई नव्हती. पनवेलच्या आमच्या बिल्डिंगच्या गेटापर्यंत जायची आणि परत फिरायची. बाहेर लाद्या उखडल्यात, रिक्षावाले बघत नाहीत, कुत्री बसलेली असतात, असं रोज नवं कारण. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली, वर्गात फेऱ्या मारत पाढे म्हणून घेणारी बाई आता हॉलमधल्या खुर्चीतून जग चालवत होती. ती खुर्ची तिला आवडायला लागेल, याची मला धास्ती होती.

"आई, तुला कशी जागा हवी?"

"मला काय, कुठंही चालेल."

आमच्या घरात हा शब्द फार जपून ऐकावा लागतो. लग्नानंतर पहिलं वर्षभर बायको त्याला होकार समजत होती. "आईंचं 'चालेल' म्हणजे 'तुम्ही जाऊन या, मी घर बघते'," हे आता तीच मला समजावते.

मुलगी तेवढ्यात म्हणाली, "आजी, कुठंही चालेल म्हणतेस, पण चालत कुठंच नाहीस."

आम्ही दोघं गार. आई क्षणभर नातीकडे बघत राहिली आणि फस्सकन हसली. "वाह्यात कार्टी," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही गेटावरूनच परत आली.

मी मात्र कामाला लागलो. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो. "खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? पायऱ्या किती? कठडा आहे का?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने शेवटी न राहवून विचारलं, "फ्लॅट कुठं घेताय?" घरी मुलगी म्हणायची, "बाबा, तू रूम बघतोयस की चौकशी आयोग नेमलायस?" आणि आई फोनवर मावशीला सांगत होती, "जयभीम गं. हो, जायचंय म्हणे. जागा शोधणं चाललंय. त्याला शोधायलाच आवडतं, जाण्याचं काय एवढं नाही."

अखेर दोन जागा उरल्या. पहिली म्हणजे माझा विजय. रिसॉर्ट थेट वाळूवर, लिफ्ट, खोलीला ऐसपैस गॅलरी, समोर आख्खा समुद्र. कुठंही वाकायची गरज नाही. दुसरी बोर्ली पंचतनच्या पुढे, एका घरातल्या दोन खोल्या. घरामागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे कधीतरी समुद्र. ती मी निव्वळ तुलनेसाठी ठेवली होती. निवडणुकीत पडायलाही कुणीतरी लागतोच.

सगळ्यांसमोर रीतसर दोन्हींकडे फोन लावायचा म्हणून दुसरीकडेही लावला, स्पीकरवर. घरमालकीण बाई बोलत होत्या.

"समुद्र घरापासून किती लांब?" मी वकिलाच्या थाटात विचारलं.

"लांब म्हंजे, वाडीतनंच वाट हाय की. चालत जायाचं."

"म्हणजे समोर नाही?"

"न्हाय ओ दादा. समोर आमचा गोठा हाय."

मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्यात आई म्हणाली, "इकडं दे तो फोन."

तिने फोन घेतला आणि वर्गातल्या आवाजात विचारायला सुरुवात केली. वाट मातीची की वाळूची? दगड आहेत का? मधे बसायला काही? पलीकडून बाईही उत्साहाने सांगत होत्या. वाट मातीची, सपाट. मधे माडाचा ओंडका पडलाय, येता-जाता सगळी त्यावर टेकतात. सुरूची झाडं संपली की वाळू लागते, तेवढी जरा जपून. आई "बरं, बरं" करत होती. इतक्या महिन्यांत तिने कुठल्या वाटेची चौकशी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून ती म्हणाली, "इथंच जाऊ."

"अगं पण तिकडे गॅलरीतून समुद्र दिसतोय!"

"तेच तर. गॅलरीत खुर्ची टाकून मला बसवाल आणि तुम्ही मोकळे. खुर्ची घरी आहे की." मग म्हणाली, "शाळेच्या सहली नेल्या तेव्हा पोरं पाण्यात आणि मी त्यांच्या पुढं, समुद्राकडे पाठ करून. कुठलं पोर पुढं जाईल याचीच भीती. लाटा पाठीवर घेतल्या नुसत्या. एकदा नीट समोरून बघायचाय."

माझ्या विजयी रिसॉर्टचं डिपॉझिट जप्त झालं.

पोचलो त्या संध्याकाळी आई ओंडक्यापर्यंत गेली, बसली आणि म्हणाली, "आज एवढंच." सुपारीच्या झाडांतून लाटांचा नुसता आवाज येत होता. रात्री जेवताना मी दहादा म्हणालो, काही हरकत नाही, आणि दहाही वेळा बायकोने टेबलाखालून पाय मारला. मनात मी त्या गॅलरीत समुद्र बघत बसलो होतो.

सकाळी उठलो तर आई तयार. साडी वर खोचलेली, हातात काठी. "ओहोटी आहे म्हणतात त्या बाई. ओली वाळू घट्ट असते. चला."

ओंडक्यावर टेकली, उठली. सुरूच्या झाडांशी मात्र अडली. पुढे कोरडी वाळू, आणि काठी त्यात खचकन रुतली. मला आमचं गेट आठवलं. आईने काठी उपटली, माझ्या हातात दिली आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गं, वाह्यात."

दोघी निघाल्या. एक पाऊल, मग थांबणं, मग पुढचं. ओल्या वाळूवर पोचल्यावर आईची चाल बदलली, जरा वर्गातली झाली. मला राहवलं नाही. मी धावत पुढे गेलो आणि पाण्यात तिच्या समोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"असा काय उभा आहेस?"

"तुला धरायला."

"बाजूला हो," आई म्हणाली, "दिसत नाहीये मला."

मी बाजूला होईपर्यंत मागून एक लाट आली आणि मला कमरेपर्यंत भिजवून पुढे आईच्या पायांवर गेली. मुलीने त्याचाही फोटो काढला, हे सांगायला नकोच. आई हलली नाही. एक हात नातीच्या खांद्यावर, दुसऱ्याने उन्हाला आड करून समोर बघत राहिली.

परत येताना, ओंडक्यावर टेकलेली असताना, मी विचारलं, "पुढच्या वेळी कुठं जायचं?"

"कुठंही चालेन," ती म्हणाली.

'चालेल' म्हणाली की 'चालेन', यावर घरात अजून वाद आहे. मी 'चालेन' ऐकलं. खात्री करून घेतलेली नाही, पण पुढची जागा शोधायला लागलोय.