प्रकाशाच्या घाटावरचा खलबत्ता

देवावर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी मला त्याचाही वैताग आला होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, साबणासाठी कालवलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी ताक समजून तोंडाला लावले. अन्ननळी भाजून आवळली. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि बजावले, वजन वाढले तरच ऑपरेशन. नाहीतर दादाला ते सोसणार नाही. नळीतून दूध-साखर द्यायची. मी मापाने देत होतो आणि दादाला जुलाब होत होते. दर बाजाराच्या दिवशी त्याला कापसाच्या काट्यावर बसवायचो. वजन घटलेलेच. दादा म्हणायचा, "पोटले मांगला दरवाजा करी दिना, जीभ मातर बाहेर उपाशी बठेल शे."

त्यात घरची माणसे! कोणी नळीत अंगारा घालायला निघे, कोणी तीर्थ. एकादशीला तर कहर झाला. दादाचा उपास मोडू नये म्हणून वहिनीने साबुदाण्याची खीर नळीत ओतली आणि ती आत थिजली. कोमट पाण्याने, चोळून चोळून नळी मोकळी करेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

"ज्याले अन्नच जात नई, त्याना कसाना उपास?" मी ओरडलो.

"मंग त्यासनं पुन्य बी आते तुम्हीच मोजा, भाऊजी," वहिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

द्वादशीला तिने पारण्याचा नैवेद्य माझ्या हाती दिला. तो घेऊन मी तापीकाठच्या प्रकाशा गावी, महादेवाच्या देवळात गेलो ते भांडायलाच. महादेवापुढे भाकरी, वरण, भात, मेथीची भाजी ठेवली आणि मनात म्हटले, साऱ्या जगाचे ताट तुला चालते, माझ्या दादाचेच तेवढे का अडवलेस?

घाटावर एक अनोळखी म्हातारी यात्रेकरू बसली होती. तिला प्रसाद दिला. तोंडात दात नव्हता. तिने पिशवीतून खलबत्ता काढला आणि भाकरी, भाजी, वरण सगळे एकत्र कुटायला लागली.

माझे डोके तापलेलेच होते. "माय, इतला खटाटोप कसाले? दूध पी ल्या ना."

"दात गयात, भूक नई गई," ती म्हणाली. "दूधवर ऱ्हावाले मी काय तान्हं पोर शे?"

मी तिथेच पायरीवर बसलो. देवापुढे ठेवलेले ताटच ती कुटत होती.

घरी न जाता धुळे गाठले आणि विचारले, घरचे जेवणच असे वाटून नळीतून दिले तर? डॉक्टरांनी थोडा विचार करून होकार दिला. मात्र पातळ करा, कपड्याने गाळा, ताजेच द्या, शेवटी उकळून कोमट केलेले पाणी सोडा. वहिनी पाट्यावर वरण-भात, भाजी, थोडी भाकरी वाटायची. मी मीठ-तेल मापून घालायचो आणि जुन्या धोतराच्या धडप्यातून गाळायचो. जुलाब थांबले. काटा हळूहळू वर सरकला. ऑपरेशन झाले.

म्हातारी कोण, कुठली, हे विचारायचे राहून गेले. तिला पाठवले कुणी, याचा वाद मी घालत नाही.

दादाने तोंडाने पहिला घास घेतला तेव्हा सारे घर भोवती उभे होते. घास उतरला. दादा म्हणाला, "मीठ कमी शे."

इतके महिने मीठ मीच मापत होतो. असा संताप आला! पण हात आपोआप जोडले गेले. मोजणे माझ्याकडे होते, ते मी अजूनही करतो. घास उतरवणे माझ्याकडे कधीच नव्हते.